गोड्या झालेल्या समुद्राचे संग्रहालय

नेदरलंड्सच्या नकाशात उत्तरेकडून देशाच्या पोटात शिरलेला जो जलाशय दिसतो, त्याचे ‘झायडर झी’ हे नाव आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केले असेल. डच लोकांनी समुद्र हटवून शेते केली, एवढा पराक्रम त्या धड्यात असे. त्या समुद्रावर ज्यांच्या चुली पेटत होत्या त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न धड्याखालच्या स्वाध्यायात नसे. त्याचे उत्तर, निदान उत्तराचा काही भाग, एंकहाउझेन या जुन्या बंदरातील झायडर झी संग्रहालयात जपून ठेवलेला आहे.

जानेवारी १९१६ च्या वादळात या उपसागराभोवतीचे बांध फुटले. महायुद्धामुळे धान्याचीही चणचण होती. कॉर्नेलिस लेली या अभियंत्याने १८९१ मध्ये मांडलेली योजना तोवर कागदावरच होती. आता लेली स्वतः मंत्री होते, आणि १९१८ मध्ये तिचा कायदा झाला. उपसागराचे तोंड बंद केल्यास बाहेरच्या किनाऱ्यांवर वादळी भरतीचे पाणी किती चढेल, हे काढण्यासाठी नोबेल पारितोषिकाचे मानकरी लोरेंत्स यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिने आठ वर्षे आकडेमोड केली आणि तिचे अंदाज पुढे बव्हंशी खरे ठरले. २८ मे १९३२ रोजी बत्तीस किलोमीटर लांबीच्या बांधातील अखेरची फट बुजली. आत नदीचे पाणी येतच होते. काही वर्षांत खारा समुद्र गोडे सरोवर झाला. वसंतात अंडी घालण्यास येणारा हेरिंग आणि त्यामागून येणारा अँकोव्ही, म्हणजे आपल्या तारलीचा आणि मांदेलीचा तिकडील गोतावळा, यांची वाटच बंद झाली. गोड्या पाण्यात टिकणारी वाम तेवढी मागे राहिली.

पाण्याचे गणित बिनचूक झाले. माणसांचे कसे झाले ते पाहण्याजोगे आहे. हानी अनपेक्षित नव्हती. कोळ्यांसाठी १९२५ मध्ये स्वतंत्र कायदा करण्यात आला होता, आणि त्याच्या नावातच सारे मर्म आहे: तो ‘साहाय्याचा’ कायदा होता, ‘भरपाईचा’ नव्हे. भरपाई हा हक्क असतो. साहाय्य हा सरकारचा उदारपणा. आपल्यापैकी ज्यांनी भूसंपादनाच्या फायली हाताळल्या आहेत त्यांना या एका शब्दाचे मोल सांगावयास नको. जमिनीला सातबारा असतो; लाटेला नसतो. ज्याच्या नावावर पाण्याचा एक चौरस हातही नाही, त्याचे नेमके काय गेले हे कोणत्या रकान्यात लिहावे?

पुढे १९४८ मध्ये संग्रहालयाची स्थापना झाली आणि १९५० मध्ये त्याची दालने खुली झाली. जागा मिळाली ती १६२५ मध्ये बांधलेल्या ‘पेपरहाउस’ या वास्तूत. नावाचा अर्थ मिरीघर. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या एंकहाउझेन शाखेचा माल येथे साठविला जाई. याच कंपनीने १६३७ च्या सुमारास आपल्या वेंगुर्ल्यास वखार घातली होती. कोकणातील आणि हॉलंडमधील कोळ्यांची एकमेकांशी ओळख नसली, तरी व्यापाऱ्यांची दोन्ही किनाऱ्यांशी होती.

दालनात लाकडी होड्या आहेत. ‘बोटर’ नावाची ओक लाकडाची होडी त्यांत प्रमुख. उथळ उपसागरासाठी तिचा तळ सपाट. वाऱ्याने ती बाजूला सरकू नये म्हणून दोन्ही अंगांना खालीवर होणाऱ्या रुंद फळ्या. पोटात एक हौद असे आणि त्याच्या तळाच्या फळ्यांना भोके पाडलेली असत, म्हणजे समुद्राचे पाणी आतबाहेर खेळे आणि मासळी बंदरापर्यंत जिवंत राही. बर्फाविना ताजी मासळी पोहोचविण्याची ही युक्ती पाहून आपल्या बंदरांवरील कुणीही जाणता नाखवा मान डोलावील.

जाळ्यांची हकीकत आपल्याला आणखी जवळची. सुती जाळे पाण्यात कुजते, म्हणून ते वरचेवर उकळत्या रंगद्रवात बुडवावे लागे. पूर्वी त्यासाठी ओकची साल वापरीत. पुढे पूर्वेकडून येणारा कात आला. होय, खैराच्या लाकडापासून काढलेला, आपल्या विड्यातला कात. तो पाडण्याच्या धंद्यावरून कातकऱ्यांना नाव मिळाले तोच. आपल्याकडे जो ओठ रंगवी, तो तिकडे जाळी आणि शिडे तपकिरी करी. नायलॉन आल्यावर हा व्याप संपला आणि काताच्या कढया संग्रहालयाच्या वस्तू झाल्या.

१९८३ मध्ये उघड्यावरचा विभाग सुरू झाला. उपसागराकाठच्या गावांतून घरे, कारखाने, धुराड्या उचलून आणल्या. शंभराहून अधिक वास्तूंचे एक गावच तेथे वसविले आहे. धुराडीत आजही मासळी धुरावतात. मात्र हेरिंग असेल तर तो बाहेरून आणावा लागतो. धक्क्याला लागणाऱ्या पाण्यात तो जगूच शकत नाही.

असे गाव नीटनेटके दिसते, आणि तेथेच मला थोडी शंका वाटते. होडी ठेवता येते, जाळे ठेवता येते. परंतु कोणत्या वाऱ्याला मासा कोठे सरकतो हे ज्ञान काचेच्या पेटीत मावत नाही. ते पाण्याबरोबरच जाते. मुंबईच्या किनारी मार्गाच्या वेळी वरळीच्या कोळ्यांनी हेच ज्ञान पुढे केले होते: दोन खांबांत साठ मीटर अंतर ठेवल्यास खवळलेल्या समुद्रात होडी सुखरूप आणता येणार नाही. हे म्हणणे मान्य होऊन २०२२ च्या अखेरीस ते अंतर एकशे वीस मीटर करण्याचे ठरले. ते मान्य झाले, कारण वरळीला अद्याप समुद्र होता आणि त्यावर जाणारे कोळीही होते.

झायडर झीच्या कोळ्यांपैकी पुष्कळांनी धंदा सोडला. उर्क बेटाच्या लोकांनी मात्र सोडला नाही. १९३९ मध्ये बांधाने त्यांचे बेट मुख्य भूमीस जोडले गेले आणि तीन वर्षांत पलीकडचा समुद्रतळ कोरडा झाला. ते मोठ्या होड्या घेऊन उत्तर समुद्रावर गेले. आज त्यांच्या होड्या दूरच्या बंदरांत नांगरतात, मासळी मालमोटारींतून उर्कला येते आणि लिलाव तेथेच होतो. आता त्या बत्तीस किलोमीटरच्या बांधालाच एक वाट पाडण्याचे काम चालले आहे. खाऱ्या पाण्यातून गोड्यात माशांना पुन्हा जा-ये करता यावी म्हणून वळणावळणाचा एक कृत्रिम प्रवाह आखलेला आहे. त्याच्या खर्चाचे अंदाजपत्रक अभियंत्यांनीच केले आहे.