चौपड, गल्ली आणि पहिली मोटार

जयपूर वसले १७२७ साली. पेट्रोलवर धावणारी पहिली मोटार जगाने पाहिली ती १८८६ साली. या दोन घटनांमध्ये दीडशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. जयपूरची आखणी करणाऱ्या विद्याधर भट्टाचार्यांना मोटार नावाच्या वाहनाची कल्पना असणे शक्यच नव्हते. तरीसुद्धा, आयुष्यातली पहिली नवी मोटार घेऊ पाहणाऱ्या जयपूरच्या कुटुंबाने विक्रेत्याच्या दुकानाची पायरी चढण्यापूर्वी कोणाचा सल्ला घ्यावा असे मला कोणी विचारले, तर मी विद्याधरांचेच नाव सांगेन. हा विनोद नव्हे. वाहनाची निवड ही रस्त्याच्या निवडीशी बांधलेली असते, आणि रस्त्याचा इतका काटेकोर विचार केलेले दुसरे शहर आपल्या देशात क्वचितच सापडेल.

सवाई जयसिंहांनी हे नगर वसवले तेव्हा त्यांच्या दरबारात महाराष्ट्रीय विद्वानांना मोठा मान होता. रत्नाकर पौंडरीक हे त्यांचे गुरू. युक्लिडची भूमिती 'रेखागणित' या नावाने संस्कृतात आणणारे जगन्नाथ सम्राट हेही महाराष्ट्रीयच. १७३५ साली थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या यात्रेला निघाल्या, तेव्हा जयसिंहांनी त्यांचे आदराने स्वागत केले. नगर तेव्हा जेमतेम आठ वर्षांचे होते. सरळ रेषांचे हे नवे शहर मराठी माणसाला अशा रीतीने त्याच्या बालपणापासून परिचित आहे.

या शहराची मांडणी नऊ चौकड्यांची. वायव्येच्या बाजूस डोंगर आडवा आला, म्हणून त्या कोपऱ्यातली चौकडी उचलून आग्नेयेला नेली. बाकी आराखडा तसाच ठेवला. सूरजपोलपासून चांदपोलपर्यंत पूर्वपश्चिम जाणारा हमरस्ता सुमारे ११० फूट, म्हणजे ३३ मीटर रुंद. त्याला उत्तरदक्षिण रस्ते छेदतात, तिथे चौपडी: रामगंज, बडी आणि छोटी. हमरस्त्याच्या निम्म्या रुंदीचे दुय्यम रस्ते, त्यांच्याही निम्म्या रुंदीच्या गल्ल्या, आणि अगदी आतले बोळ त्यांच्याही निम्मे. म्हणजे ३३ मीटर, साडेसोळा मीटर, सव्वाआठ मीटर आणि चार मीटर. नगराचे सगळे व्यवहार या चार मापांत बसवले होते. तीज आणि गणगौरीच्या मिरवणुकी हमरस्त्याने निघत. घराचा दरवाजा मात्र गल्लीत उघडे.

आता या मापांवर मोटार ठेवून पाहू. मध्यम आकाराच्या मोटारीची रुंदी पावणेदोन मीटरच्या आसपास असते. दोन्ही बाजूंचे आरसे धरले, तर दोन मीटरची जागा लागतेच. चार मीटरच्या बोळात अशी एक मोटार उभी राहिली, की दुसरीला जायला वाट कशीबशी उरते. आणि दोन मोटारी समोरासमोर आल्या, तर एकीला मागे हटण्यावाचून गत्यंतर नसते. सव्वाआठ मीटरच्या गल्लीची गोष्ट आणखी बोधप्रद आहे. लहान मोटारीलासुद्धा पूर्ण वळसा घेण्यास साधारण नऊ ते दहा मीटर व्यासाचे वर्तुळ लागते. याचा अर्थ असा, की जयपूरच्या प्रशस्त गल्लीतही सर्वांत आटोपशीर मोटार एका दमात मागे फिरू शकत नाही. ती पुढेमागे करूनच वळवावी लागते. मोठी गाडी घेतली, तर हे पुढेमागे करणे रोज सकाळसंध्याकाळ वाढत जाते.

पहिली मोटार घेणारा बहुधा उलट दिशेने विचार करतो. त्याच्या डोळ्यांपुढे दिल्लीचा महामार्ग असतो, वर्षातून एकदा निघणारी सहल असते, लग्नाला आलेले सातआठ पाहुणे असतात. वर्षाचे साडेतीनशे दिवस मात्र ती मोटार घर, शाळा, कचेरी आणि बाजार एवढ्याच फेऱ्या मारते. म्हणून पहिला नियम असा सांगता येईल: आपल्या नेहमीच्या वाटेवरचा सर्वांत अरुंद भाग मोजावा, आणि मोटारीचे माप त्यावरून ठरवावे. रुंद रस्ता कोणतीही गाडी सामावून घेतो. परीक्षा पाहतो तो बोळ.

श्रोतेहो, हा विचार आज आपण करू शकतो, याचेच खरे तर नवल मानले पाहिजे. आपल्या देशात मोटारीची निवड हा सामान्य माणसाच्या हातचा विषय कधीच नव्हता. आरंभी मोटार हे संस्थानिकांचे आणि साहेबांचे वाहन होते. १९२० आणि १९३०च्या दशकांत फोर्ड आणि जनरल मोटर्स या अमेरिकी कंपन्यांनी मुंबईत सुटे भाग जोडून मोटारी उभ्या करण्यास प्रारंभ केला. पण भाग परदेशचे आणि नफाही परदेशचाच. मोटार इथेच घडवावी हा आग्रह प्रथम धरणाऱ्यांत मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या होते. १९३५-३६च्या सुमारास त्यांनी तशी योजना मांडली. ती प्रत्यक्षात आणण्याची धडपड सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी केली. १९४४ साली त्यांनी प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. त्याआधी दोन वर्षे, १९४२ मध्ये, बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स निघाली होती. पुढे तिचा कारखाना कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला आला.

स्वातंत्र्यानंतर सरकारचे धोरण स्पष्ट झाले. जो कारखाना सुटे भाग टप्प्याटप्प्याने इथे बनवील, त्यालाच वाव मिळेल. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी १९५३-५४च्या सुमारास आपला गाशा गुंडाळला. उरल्या त्या मुख्यतः तीन मोटारी. उत्तरपाड्याची अॅम्बॅसडर १९५७ पासून. तिचे मूळ इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. कुर्ल्याची फियाट ११००, जी पुढे प्रीमिअर पद्मिनी झाली. आणि मद्रासची स्टँडर्ड, जिची हेराल्ड १९६१ पासून रस्त्यावर आली.

निवड करायची ती या तिघींतून. आणि तीही करायची म्हणजे नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची. मागणी मोठी, उत्पादन तुटपुंजे. १९६९ साली सरकारने मोटारींच्या किमतींवर नियंत्रण घातले आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अशा काळात मोटार कोणती घ्यावी हा प्रश्नच नव्हता. ज्या यादीत आपला क्रमांक लवकर लागेल ती घ्यावी, एवढेच होते. तरीही लोक मनाशी एक तुलना करीत असत. अॅम्बॅसडर सव्वाचार मीटरहून लांब, पोटात भरपूर जागा, खड्ड्याला न भिणारी. फियाट चार मीटरच्या आत, अंगाने सडपातळ, शहरात वळवायला सोपी. मुंबईच्या टॅक्सीवाल्याने फियाट पत्करली आणि दिल्लीच्या सरकारी कचेऱ्यांनी अॅम्बॅसडर, यात दोन शहरांच्या रस्त्यांचा आणि दोन प्रकारच्या गरजांचा इतिहास सामावलेला आहे. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली. अॅम्बॅसडरचे उत्पादन २०१४ सालीच थांबले होते.

हे चित्र पालटले ते १९८३ साली. १४ डिसेंबर रोजी दिल्लीजवळ गुडगावला मारुती ८००च्या पहिल्या किल्ल्या इंदिरा गांधींच्या हस्ते दिल्या गेल्या. सव्वातीन मीटरच्या आसपास लांबी, ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन, आणि पन्नास हजारांच्या आत किंमत. नोकरदार कुटुंबाला परवडेल आणि घरच्या माणसांना स्वतः हाकता येईल, अशी ही मोटार होती. पगारी चालक ठेवण्याची चाल मध्यमवर्गात ओसरली आणि स्त्रिया मोठ्या संख्येने सुकाणूपाशी बसल्या, त्यात या लहानशा गाडीचा वाटा मोठा आहे. १९९३ मध्ये मोटार उत्पादनावरचा परवान्याचा निर्बंध उठला. १९९८ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला घडलेली इंडिका लोकांपुढे आली. निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने तेव्हा जन्माला आला.

तरी ही निवड पूर्णपणे आपली आहे असे समजू नये. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरहून कमी लांबीच्या, आणि पेट्रोलचे इंजिन १,२०० किंवा डिझेलचे १,५०० घनसेंटिमीटरच्या आत असलेल्या मोटारींवरचा उत्पादनशुल्क कमी झाला. त्याबरोबर कारखान्यांनी लांब गाड्यांची शेपटी कापून त्या चार मीटरच्या आत बसवल्या. आज दुकानात मांडलेल्या कित्येक गाड्यांची लांबी ३,९९० किंवा ३,९९५ मिलिमीटर असते, ती योगायोगाने नव्हे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराच्या नव्या दरांतही हीच रेषा टिकली आहे: तिच्या आतल्या गाड्यांना १८ टक्के, बाहेरच्यांना ४० टक्के. करआकारणीने लांबीला लगाम घातला. उंचीला आणि रुंदीला घातला नाही. म्हणून गाड्या उंच आणि रुंद होत गेल्या. जयपूरच्या बोळाला मात्र लांबीपेक्षा रुंदीच अधिक जाचते. कराचे माप आणि गल्लीचे माप वेगवेगळे आहे, हे ग्राहकाने ध्यानात ठेवायचे.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. लहान मोटार म्हणजे कच्ची मोटार, हे समीकरण एके काळी अगदीच खोटे नव्हते. २०१४ मध्ये परदेशी संस्थेने भारतातील काही खपाऊ लहान मोटारींची आघात-चाचणी घेतली, तेव्हा त्यांच्या पदरी एकही तारा पडला नाही. त्यानंतर कायदा कडक होत गेला. चाके अडकू न देणारी ब्रेकयोजना आणि पुढच्या दोन्ही आसनांसाठी हवेच्या पिशव्या सक्तीच्या झाल्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारताची स्वतःची चाचणीपद्धतीही सुरू झाली. तेव्हा लहान गाडी घ्यावी, पण तिचे तारे विचारून घ्यावी. छतावरची काच, झळाळती चाके यांवर जो पैसा जातो, तो आधी ब्रेक आणि पिशव्यांवर जावा. पहिली मोटार बहुधा नवशिक्याच्या हाती असते, आणि तिच्या मागच्या आसनावर मुले असतात.

तिसरी गोष्ट हवेची. जयपूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. अशा दिवसांत वातानुकूलन ही चैन राहत नाही. आणि अगदी दुबळ्या इंजिनावर त्याचा भार पडला, की चढावर गाडी कण्हू लागते. आमेरच्या घाटीत घरची सगळी माणसे बसवून, यंत्र चालू ठेवून एकदा गाडी चालवून पाहावी. छापील आकड्यांपेक्षा ही कसोटी खरी. विजेच्या मोटारीचा विचार करणाऱ्याने आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा: रात्री गाडी जिथे उभी राहील, तिथवर वीज पोचते काय? नव्या वसाहतीतल्या बंगल्याला हे सहज शक्य आहे. परकोट्यातल्या हवेलीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला सोपे नाही.

या उभ्या राहण्याच्या प्रश्नापाशीच सगळा विचार येऊन थांबतो. मोटार दिवसाचे दोनएक तास चालते आणि उरलेले बावीस तास उभी असते. चालणाऱ्या मोटारीसाठी जयपूरचा हमरस्ता आजही पुरेसा आहे. उभ्या मोटारींनीच त्याची रुंदी गिळली आहे. दोन्ही कडांना वाहनांच्या रांगा लागल्या, की ३३ मीटरचा रस्ता पाहता पाहता दुय्यम रस्त्याएवढा होतो आणि पायी चालणारा मधोमध येतो. १८७६ साली युवराजांच्या स्वागतासाठी गुलाबी रंगलेल्या दुकानांच्या ओळी या रांगांमागे झाकल्या जातात. २०१९ साली युनेस्कोने हे नगर जागतिक वारशाच्या यादीत घेतले, ते त्याच्या रस्त्यांच्या आणि चौपडींच्या रचनेसाठी. २०२० साली मेट्रो जमिनीखालून बडी चौपडीपर्यंत पोचली. तिच्या खोदकामात चौपडींखाली जुन्या कुंडांचे अवशेष सापडले. जिथे पाणी भरले जाई, त्या जागेवर आज वाहने दाटली आहेत.

म्हणून परकोट्यात रोजचे काम असणाऱ्याने मोटार घेण्यापूर्वी हेही पडताळावे, की त्या कामासाठी मेट्रो पुरते काय. पुरत असेल, तर मोटार बाहेरच्या फेऱ्यांपुरती लागेल आणि आणखी लहान चालेल. काहींच्या बाबतीत उत्तर असेही निघेल, की मोटार आणखी दोन वर्षे नको. असे उत्तर निघाले, तर त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

मागच्या पिढीला निवड नव्हती. तिने नाव नोंदवले आणि वाट पाहिली. आजच्या पिढीला निवड आहे, आणि निवड आली की जबाबदारी आली. कुटुंबाची काही वर्षांची बचत एका वस्तूत घालायची, तर ती शेजाऱ्याकडे पाहून घालू नये. दोरी घेऊन आपल्या गल्लीची रुंदी मोजावी, घरची माणसे मोजावी, गाडी उभी करण्याची जागा मोजावी. विद्याधरांनी आखणीआधी जमीन मोजली, डोंगर आडवा आला तेव्हा आराखडा जमिनीप्रमाणे फिरवला. डोंगर हलवण्याचा हट्ट धरला नाही. शहर बदलण्याची शक्ती आपल्यापैकी कोणाच्याही एकट्याच्या हाती नाही. शहराच्या मापात बसेल असे वाहन निवडणे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे.