वलंदेजांची ‘सात डिसेंबर’ डिव्हिजन व जावांतील मराठा पलटणी

वलंदेज हें नांव आमच्या वाचकांस परकें नाहीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत टोपीकरांची जी नामावळी आली आहे, तींत फिरंगी, इंग्रज, फरासीस व डिंगमार यांच्या बरोबरीनें वलंदेजही आहेत; आणि हे लोक इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशीं राजे आहेत, हें अमात्यांनीं बजावून सांगितलें आहे. वेंगुर्ल्याची वलंदेजी वखार १६३७ ची. शिवछत्रपतींनीं १६७७ सालीं कर्नाटकच्या स्वारींत वलंदेजांस कौल दिला, त्यांत माणसांचा क्रयविक्रय त्यांस मना केला, हेंही प्रसिद्ध आहे. येथवरचा भाग पुष्कळ चर्चिला गेला. परंतु मराठ्यांची व वलंदेजांची शेवटची मोठी गांठ कोंकणांत पडली नाहीं. ती १९४५-४६ सालीं जावा बेटांत पडली, आणि तिच्याकडे आमच्यांत फारसें कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं.

जपाननें १५ ऑगस्ट १९४५ रोजीं शरणागति पत्करली व तिसऱ्याच दिवशीं सुकर्ण आणि हत्ता यांनीं इंडोनेशियाचें स्वातंत्र्य पुकारलें. वलंदेजांचा स्वतःचा देशच त्या वर्षीच्या मे महिन्यांत जर्मनांच्या हातून सुटलेला; जावांत पाठविण्यास त्यांजपाशीं फौज नव्हती. तेव्हां जपान्यांचीं शस्त्रें काढून घेणें व छावण्यांतील कैद्यांस सोडविणें हें काम माउंटबॅटन यांच्या हुकुमतीखालील हिंदी फौजेवर येऊन पडलें. जनरल हॉथॉर्न यांची तेविसावी हिंदी डिव्हिजन त्यासाठीं जावांत उतरली. ही डिव्हिजन इंफाळच्या रणांगणावरची. तिच्या एकूणपन्नासाव्या ब्रिगेडमधील मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण मार्च १९४४ मध्यें सांगशाक येथें जपान्यांशीं झुंजली होती.

हीच ब्रिगेड, सुमारें ४,००० माणसें, ब्रिगेडियर मॅलेबी यांजबरोबर २५ ऑक्टोबर १९४५ रोजीं सुराबाया बंदरांत उतरली. तेथील पुढाऱ्यांशीं मॅलेबी यांचा दुसऱ्या दिवशीं समेट झाला. परंतु २७ तारखेस वरिष्ठांच्या हुकुमानें विमानांतून पत्रकें पडलीं, कीं लोकांनीं शस्त्रें खालीं ठेवावीं. समेट एक आणि पत्रक दुसरेंच, असें झाल्यावर शहर खवळलें यांत नवल तें काय? २८ रोजीं लहान लहान चौक्यांत विखुरलेल्या ब्रिगेडवर चहूंकडून हल्ला झाला. छावणींतून सुटलेल्या वलंदेज स्त्रिया व मुलें घेऊन जाणाऱ्या मोटारींच्या तांड्यावरही तो झाला. रक्षक म्हणून असलेले हिंदी शिपाई दारूगोळा संपेपर्यंत लढले. २९ रोजीं सुकर्णांस विमानानें आणून लढाई थांबविण्यांत आली. पण ३० रोजीं इंटरनाशियो नांवाच्या इमारतीपुढें मॅलेबी मारले गेले. त्या इमारतींत मराठ्यांच्या सहाव्या पलटणीची एक तुकडी अडकलेली होती. मॅलेबी यांस कोणाची गोळी लागली याचा खल इंग्रजी लेखकांनीं पुष्कळ केला आहे. चौक्यांत तुटून पडलेल्या शिपायांचा विचार त्या मानानें थोडा झाला. १० नोव्हेंबरपासून पांचव्या हिंदी डिव्हिजननें जहाजी तोफा व विमानें यांच्या साह्यानें शहर घेतलें. त्या तारखेस इंडोनेशियांत वीरदिन पाळतात.

आतां वलंदेजांच्या त्या डिव्हिजनकडे वळूं. तिचें नांवच मोठें चमत्कारिक आहे. राणी विल्हेल्मिना लंडनमध्यें आश्रयास असतां १९४२ च्या डिसेंबरांत तिनें नभोवाणीवर भाषण केलें. युद्ध संपल्यावर इंडोनेशियादि वसाहतींस राज्यांत बरोबरीचें स्थान मिळेल, असा त्याचा आशय. तें भाषण ७ डिसेंबर या तारखेनें ओळखलें जातें, व तेंच नांव १९४६ सालीं उभारलेल्या पहिल्या डिव्हिजनला दिलें गेलें. बरोबरीच्या वचनाची तारीख निशाणावर लिहून फौज वसाहतीवर धाडावी, ही गोष्ट अमात्यांच्या नजरेंतून सुटली नसती. तींत सक्तीनें भरती केलेले तरुण पुष्कळ होते. वलंदेजांच्या सक्तीच्या शिपायांपैकीं कित्येकांनीं जावास जाण्याचें नाकारून तुरुंगवास पत्करला. जनरल डुर्स्ट ब्रिट यांच्या हाताखालीं ही डिव्हिजन १९४६ च्या ऑक्टोबरपासून पश्चिम जावांत उतरूं लागली. १५ नोव्हेंबरास लिंगजातीच्या तहाच्या मसुद्यावर उभयपक्षीं निशाण्या झाल्या, आणि ३० नोव्हेंबर १९४६ रोजीं ब्रिटिश-हिंदी फौजेनें जावा सोडला. बाताव्हियाच्या बाजूच्या चौक्या अशा रीतीनें हिंदी हातांतून या डिव्हिजनच्या हातीं गेल्या. सुराबाया त्याआधींच वलंदेजांच्या नौसैनिक ब्रिगेडकडे गेलें होतें.

पुढचें थोडक्यांत सांगतां येईल. २१ जुलै १९४७ रोजीं ‘पोलिसी कारवाई’ या सौम्य नांवाखालीं पहिली मोहीम सुरू झाली, दुसरी १९ डिसेंबर १९४८ रोजीं. दोहोंच्या मध्यें, ९ डिसेंबर १९४७ रोजीं, पश्चिम जावांतील रावागडे गांवांत याच डिव्हिजनच्या एका पलटणीनें गांवचे पुरुष रांगेंत उभे करून मारले. मेलेल्यांचा आंकडा वलंदेज १५० च्या आसपास सांगतात, इंडोनेशियन ४३१. हेगच्या न्यायालयानें १४ सप्टेंबर २०११ रोजीं त्यांच्या विधवांच्या बाजूनें निकाल दिला. संस्थांच्या संशोधनानंतर १७ फेब्रुवारी २०२२ रोजीं तेथील पंतप्रधानांनीं त्या युद्धांतील अत्याचारांबद्दल क्षमा मागितली.

मराठा पलटणींनीं वलंदेजांसाठीं दार धरून ठेवलें, असा आक्षेप घेतां येईल, व तो सर्वथा खोटा नाहीं. पण शिपाई हुकमाचा बांधील. ज्या छावण्या त्यांनीं राखल्या त्यांत उपाशी बायकामुलें होतीं. आणि ज्या देशाचे ते शिपाई, त्या देशानें स्वतंत्र होण्यापूर्वींच, ३० जुलै १९४७ रोजीं, हें प्रकरण सुरक्षा समितीपुढें नेलें व जानेवारी १९४९ मध्यें दिल्लीस आशियाई राष्ट्रांची परिषद भरविली. २७ डिसेंबर १९४९ रोजीं वलंदेजांस सत्ता सोडावी लागली. आमच्या मतें या दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहिल्या पाहिजेत.

लिहावयाचें तर साधनें हवींत. वलंदेज शिपायांचीं पत्रें, रोजनिशा व आठवणी यांवरून ओस्टइंडी यांनीं २०१५ सालीं एक मोठा ग्रंथ सिद्ध केला. मराठा शिपायाचा कागद मात्र घरांतच आहे. आमच्या या नवी मुंबईंत वाशीच्या बाजारांतील माथाडी बहुधा साताऱ्याकडचे. कोंकणांतून आलेलीं घरेंही फार. मराठा लाइट इन्फन्ट्रीची भरती याच मुलखांतून होत असे. गांवचें घर मोडतांना किंवा पेटी हलवितांना आजोबांचें नोकरी सुटल्याचें पुस्तक, मनीऑर्डरीची पावती, कचित् मोडींतील पत्र निघतें व रद्दींत जातें. संग्राहकांनीं अशा कागदांत पलटणीचें नांव, शिपायाचा नंबर व लष्करी टपालाचा ठसा प्रथम टिपून घ्यावा. आणि तारीख ऑक्टोबर १९४५ ते नोव्हेंबर १९४६ यांमधली असेल, तर तो कागद लिफाफ्यासकट वेगळा ठेवावा, कारण शिपाई कोठें होता हें पुष्कळदां त्या ठशांतील आंकड्यावरूनच ठरतें.