निळीची साक्ष

२४ जुलै १८६१. कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती सर मॉर्डंट वेल्स यांनी एका पाद्र्याला शिक्षा सुनावली : एक महिना कैद आणि हजार रुपये दंड. दंडाची रक्कम कालीप्रसन्न सिंह या विशीतल्या श्रीमंत बंगाली तरुणाने भरून टाकली. कैद मात्र चर्च मिशनरी सोसायटीच्या रेव्हरंड जेम्स लाँग यांना स्वतःच भोगावी लागली. त्यांचा गुन्हा एवढाच, की त्यांनी एका बंगाली नाटकाचं इंग्रजी भाषांतर छापवून घेतलं होतं.

ते नाटक म्हणजे ‘नीलदर्पण’. दीनबंधु मित्र यांनी ते लिहिलं आणि १८६० साली ढाक्यात लेखकाचं नाव न देता छापलं. आदल्या वर्षी नदिया आणि जेसोर भागातल्या रयतेने नीळ पेरायला साफ नकार दिला होता. गोरा मळेवाला बिघ्यामागे दोन रुपये उचल द्यायचा आणि ही उचल बापाच्या पश्चात मुलाच्या डोक्यावर बसायची. कोऱ्या स्टँपवर अंगठा घेतलेला असायचा. भाताला लायक अशी कसदार जमीन निळीखाली जायची, आणि कापणीनंतर पेंढ्या मोजायला माणूस मळेवाल्याचाच. कितीही नीळ घातली तरी वहीतली बाकी काही सरायची नाही. नाही म्हणणाऱ्याच्या दारात लाठीवाले यायचे, प्रसंगी त्याला गोदामात कोंडून ठेवायचे.

कलकत्त्यात बसलेल्या इंग्रजी वाचकाला यातलं काय दिसत होतं? ‘इंग्लिशमन’ आणि ‘बंगाल हरकारू’ या दोन वजनदार दैनिकांचा कल मळेवाल्यांकडे होता. पैसे घेऊन करार मोडणारी, कुणीतरी चिथावलेली रयत, एवढंच त्या वाचकापुढे येई. उलट बाजू हरिश्चंद्र मुखर्जी आपल्या ‘हिंदू पेट्रियट’मधून जिवाच्या आकांताने मांडत होते. खटला उभा राहण्याआधीच, जून १८६१ मध्ये, ते वारले.

लाँग मूळचे आयर्लंडचे. १८४० मध्ये ते बंगालला आले आणि कलकत्त्याजवळच्या ठाकुरपुकुरला राहून देशी भाषेतल्या शाळा चालवू लागले. बाजारात मिळणारी बंगाली पुस्तकं ते गोळा करत. १८५५ मध्ये त्यांनी चौदाशे बंगाली पुस्तकांची वर्णनात्मक यादी छापली. धर्मप्रसारासाठी आलेल्या माणसाने इतकी वर्षं पंचांगं, गोष्टी, नाटकं का वाचावीत? लोक आपापसांत काय बोलतात हे कानी पडल्याशिवाय त्यांच्याविषयी मत बनवू नये, अशी त्यांची धारणा होती. देशी छापखाना काय म्हणतो तिकडे राज्यकर्त्यांनी कान द्यावा, नाहीतर १८५७ सारखा घाला पुन्हा पडेल, हे त्यांनी कोर्टापुढेही सांगितलं.

या धारणेची मुळं बायबलमध्ये सापडतात. शेजाऱ्याविरुद्धच्या खोट्या साक्षीची मनाई दहा आज्ञांतच आहे. एका साक्षीदारावर दोष ठरवू नये, दोघातिघांचं ऐकावं, हा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक. पहिल्याने कैफियत मांडणारा खरा वाटतो, पण दुसऱ्याने उलटतपासणी केली की चित्र पालटतं, असं नीतिसूत्रांत म्हटलं आहे. आणि ज्याला तोंड नाही त्याच्यासाठी तोंड उघडावं, हेही त्याच पुस्तकात. निळीच्या प्रश्नात पहिली कैफियत रोज सकाळी इंग्रजीत छापून येत होती. दुसरी होती बंगालीत, म्हणून साहेबांपर्यंत ती पोचतच नव्हती. लाँगनी ती पोचवली.

बंगाल सरकारचे सचिव सेटन-कार यांच्या संमतीने पाचशे प्रती छापल्या गेल्या. भाषांतर मायकेल मधुसूदन दत्त यांनी केल्याचं मानलं जातं. २०२ प्रती सरकारी टपालाने वाटल्या गेल्या आणि मळेवाले खवळले.

घोडं अडलं मूळ नाटकाच्या प्रस्तावनेपाशी. तीस नाण्यांसाठी येशूला पकडून देणाऱ्या यहूदाचा दाखला तिथे होता. तसेच दोन वर्तमानपत्रांचे चालक हजार रुपयांच्या आशेने गरीब रयतेला मळेवाल्यांच्या तोंडी देत आहेत, असा आरोप होता. वर्तमानपत्रांची नावं घेतलेली नव्हती. पण नावांची गरज तरी काय होती? ‘इंग्लिशमन’चे संपादक वॉल्टर ब्रेट फिर्यादी म्हणून उभे राहिले.

इथे लाँग चुकले, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. हजार रुपयांच्या आमिषाला पुरावा नव्हता. भाषांतरातले काही भडक उतारे गाळायला लावणाऱ्या पाद्र्याने हा आरोपही त्याच कसोटीला लावायला हवा होता. दोघातिघांच्या साक्षीचा नियम पीडिताच्या कैवाऱ्यालाही लागू पडतो. महाराष्ट्राला हा धडा १८८२ मध्ये मिळाला. कोल्हापूरच्या महाराजांच्या कळवळ्याने टिळक-आगरकरांनी दिवाण बर्वे यांची म्हणून जी पत्रं छापली ती बनावट निघाली, आणि दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले.

तरीही लाँगवरचा निकाल म्हणजे मळेवाल्यांचं निर्दोषपण नव्हे. मजकूर बदनामीकारक ठरला, एवढाच त्याचा अर्थ. जुलूम खरा होता का, याचा शोध १८६० मध्येच नीळ कमिशनने घेतला होता. खुद्द सेटन-कार त्याचे अध्यक्ष होते, लाँगनी त्यापुढे साक्ष दिली होती, आणि कमिशनने दोष मळेवाल्यांच्या पद्धतीवर ठेवला होता. लाँगवरच्या निकालानंतर पुढच्याच वर्षी मुंबईत महाराज लायबल केस, म्हणजे एका वैष्णव धर्मगुरूने लावलेला बदनामीचा खटला, चालली. तिथे पत्रकार करसनदास मुळजींनी छापलेलं खरं की खोटं, याचीच छाननी झाली, डॉ. भाऊ दाजी आणि पाद्री जॉन विल्सन साक्षीला आले आणि करसनदास जिंकले.

लाँग १८७२ मध्ये कायमचे मायदेशी परतले. त्याच वर्षी ७ डिसेंबरला कलकत्त्याच्या नॅशनल थिएटरचा पडदा उघडला, आणि पहिलं नाटक होतं ‘नीलदर्पण’. ठाकुरपुकुरकडे जाणाऱ्या एका मोठ्या रस्त्याचं नाव आज जेम्स लाँग सरणी आहे.