मऊ मोज्यांची गोष्ट

दसऱ्याला आमच्या नातवाने मुष्टियुद्धाचे लाल हातमोजे आणले. "आजोबा, केवढे मऊ आहेत बघा! आता कुणाला लागायचंच नाही." त्याच्या आजीलाही ते पटले. मी मात्र गप्प राहिलो; या मऊपणाचा इतिहास मी वाचलेला होता.

अठराव्या शतकातले इंग्लंड डोळ्यांपुढे आणा. मुष्टियोद्धे उघड्या मुठींनी लढत. जॅक ब्रॉटनने १७४३ साली नियम केले. खाली पडलेल्याला मारू नये, हा त्यांतलाच एक. पुढे १७४७ मध्ये, आपल्या तालमीत येणाऱ्या बड्या घरच्या शिष्यांचे नाकडोळे शाबूत राहावेत म्हणून त्याने सरावासाठी गादीदार मोजे काढले. खऱ्या लढतीत मूठ उघडीच राहिली. १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी लढतीतही मोजे आणले. हेतू चांगलाच होता.

आता थोडे गणित करू या. समजा, ठोशामागचे वजन ३ किलो आणि वेग सेकंदाला ८ मीटर आहे. तो ठोसा सेकंदाच्या शंभराव्या भागात थांबला, तर सरासरी बल २४०० न्यूटन, म्हणजे सुमारे २४५ किलोंच्या भाराएवढे होते! मोज्यामुळे थांबण्याचा वेळ दुप्पट झाला, तर हेच बल निम्मे होते. शिवाय ते अधिक जागेवर पसरते. म्हणून कातडी फाटत नाही. क्रिकेटचा झेल घेताना आपण हात मागे नेतो, त्यातली युक्ती हीच.

पण मुठीतला संवेग, म्हणजे वजन आणि वेग यांचा गुणाकार, जातो कोठे? न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेल्या नियमांप्रमाणे तो समोरच्याच्या डोक्याला मिळतो. डोके गर्रकन फिरते आणि कवटीतला मऊ मेंदू मागे राहून ताणला जातो.

आणखी एक गंमत आहे. हाताच्या पंजात २७ हाडे असतात. उघड्या मुठीने कपाळावर ठोसा हाणला, तर हाणणाऱ्याचीच हाडे मोडायची. त्यामुळे जुने लढवय्ये डोक्यावर जपून मारत. मोज्याने ही धास्ती घालवली. मोजा हाताचा रक्षक झाला, आणि डोक्यावर ठोसे मोकळेपणाने बरसू लागले. १९२८ साली हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन डॉक्टरांनी ठोसे खाऊन खाऊन चाल अडखळलेल्या, बुद्धी मंदावलेल्या मुष्टियोद्ध्यांची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात छापली.

एवढे सांगून झाल्यावर नातू मोज्यांकडे पाहत राहिला. "मग परत करू?" त्याने विचारले.

"नको रे," मी म्हणालो, "अंगणात वाळूची पिशवी टांगू. तिला हवे तेवढे हाण. तिच्यात मेंदू नाही."

आजीने लगेच जुने पोते शोधायला घेतले.