नदींतील बेटें आणि त्यांवरील इतिहास

बेट म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें समुद्र उभा राहतो. जंजिरा, खांदेरी, उंदेरी हीं नांवें शाळेंतील मुलांच्याहि ओठांवर असतात. परंतु नद्यांनींहि आपल्या पात्रांत बेटें निर्माण केलीं आहेत, आणि त्यांचा इतिहास समुद्रांतील बेटांच्या इतिहासाहून कमी बोधप्रद नाहीं. मला आज एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, नदींतील बेट कोणत्या रीतीनें निर्माण झालें, यावर तेथें राहणाऱ्या माणसांचें भवितव्य पुष्कळ अंशीं अवलंबून असतें.

मी वाशीमचा. आमचा मुलूख दोन समुद्रांचें पाणी विभागणारा आहे. उत्तरेकडे जाणारी काटेपूर्णा पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि तें पाणी पश्चिम समुद्रास जातें. दक्षिणेच्या अंगानें वाहणारी पैनगंगा वर्धेला मिळते. वर्धा व वैनगंगा एकत्र होऊन प्राणहिता होते, ती गोदावरीस मिळते, आणि तें पाणी पूर्व समुद्रास पोंचतें. अशा लहान, हंगामी प्रवाहांत मोठीं बेटें होत नाहींत. तथापि पावसाळा ओसरल्यावर पात्रांत वाळूचे व गोट्यांचे जे उंचवटे उघडे पडतात, त्यांवरून बेटाच्या उत्पत्तीचा पहिला पाठ शिकतां येतो.

पुराचें पाणी वेगांत असतें तोंवर तें गोटे, वाळू, माती सर्व ओढून नेतें. वेग मंदावला कीं प्रथम गोटे, मग वाळू, आणि शेवटीं गाळ खालीं बसतो. पात्र रुंदावलें, उतार कमी झाला, किंवा एखादें उन्मळलेलें झाड अडकून पडलें, कीं तेथें भर पडूं लागते. भरीवर लव्हाळा उगवतो. त्याच्या मुळ्या गाळ धरून ठेवतात व पुढच्या पुराचा गाळ अडवितात. कांहीं वर्षांनीं त्या भरीचें बेट होतें. आपण बांबूच्या दाट जुंबाड्यासहि बेटच म्हणतों. मुळांनीं माती धरावी आणि मातीनें मुळें पोसावीं, हा प्रकार दोहोंकडे सारखाच. परंतु असें गाळाचें बेट बहुधा वरच्या टोकास झिजतें व खालच्या टोकास वाढतें. म्हणून त्यावरील शेत सुपीक खरें, पण त्याची शाश्वति थोडी.

या नव्या जमिनीचा मालक कोण, हा प्रश्न राज्यकर्त्यांना सोडवावा लागला. बंगालमध्यें १८२५ च्या ११ व्या रेग्युलेशनानें असें ठरविलें कीं, नौका चालणाऱ्या मोठ्या नदींत बेट वर आलें आणि त्याच्या व तीराच्या मधला प्रवाह कोणत्याहि ऋतूंत पायउतार होत नसेल, तर तें बेट सरकारचें. पायउतार होत असेल, तर लगतच्या जमीनमालकाचें. म्हणजे माणसाच्या मालकीचा निवाडा पाण्याच्या खोलीवर सोंपविला गेला.

दुसरा प्रकार खडकाच्या बेटाचा. कठीण खडक झिजविणें नदीस जड जातें. ती त्याला वळसा घालते आणि तो मध्यें उभा राहतो. नर्मदेंतील मांधाता म्हणजेच ओंकारेश्वर हें असें बेट आहे. अशा अढळ भूमीवरच पिढ्यानुपिढ्यांचें तीर्थ उभें राहूं शकतें. समोरच्या दक्षिण तीरावरील अमरेश्वराच्या मंदिरांत १०६३ सालीं कोरलेलें हलायुधस्तोत्र आजहि पहावयास मिळतें.

कांहीं नद्या एके ठिकाणीं दुभंगून पुढें पुन्हां एक होतात. कावेरीच्या अशा दोन शाखांच्या मधोमध श्रीरंगपट्टण वसलें आहे. हैदर व टिपू यांच्या राजधानीस नदी हाच खंदक होता. मात्र हा खंदक उन्हाळ्यांत आटतो व पावसाळ्यांत दुथडी भरतो. मे १७९१ मध्यें लॉर्ड कॉर्नवॉलिस या शहरापर्यंत येऊन पोंचला होता. परंतु दाणागोट्याची टंचाई झाली, पाऊस सुरू झाला, आणि मोठ्या तोफा नष्ट करून त्याला माघार घ्यावी लागली. त्या परतीच्या वाटेवर हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा त्याला भेटल्या, तेव्हां कोठें त्याच्या उपाशी सैन्यास धान्य मिळालें. पुढें १७९९ सालीं इंग्रजांनीं तीच चूक टाळली. कावेरीला पूर येण्यापूर्वीं, ४ मे रोजीं, उथळ पात्र ओलांडून ते तटाच्या खिंडारांतून आंत शिरले, आणि टिपू लढतां लढतां पडला.

तिसरी तऱ्हा खाडीच्या मुखाजवळील बेटांची. तेथें नदीचा गाळ आणि समुद्राची भरती-ओहोटी हीं दोन्ही कार्य करितात. गोव्यांत मांडवीच्या पाण्यांतील दिवाडी, चोडण व जुवें हीं अशीं बेटें आहेत. तेथील लोकांनीं बांध घालून आणि 'मानस' नांवाचीं पाण्याचीं दारें बसवून खाऱ्या पाण्यापासून खाजणांतील भातशेती राखली. याच जुव्यावर २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्रीं ओहोटीची संधि साधून संभाजी महाराजांच्या सैन्यानें तेथील किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशीं पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर स्वतः चालून आला. त्याचा मोड झाला आणि जखमी होऊन तो कसाबसा निसटला. पाठलागांत महाराजांचा घोडा भरतीच्या पाण्यांत ओढला गेला असतां खंडो बल्लाळानें त्यांस वांचविलें, अशी परंपरा आहे. ओहोटीनें जी वाट दिली, ती भरतीनें काढून घेतली. पुढें मोंगल फौज कोंकणांत उतरूं लागल्यामुळें महाराजांना गोव्याची मोहीम आवरती घ्यावी लागली.

चौथा प्रकार सर्वांत विलक्षण. नदी आपलें पात्रच बदलते आणि कालपर्यंत तीराला जोडलेला प्रदेश बेट होऊन बसतो. आसामांतील माजुली असेंच झालें. सतराव्या शतकाच्या अखेरीस भूकंप झाले. पुढें १७५० च्या महापुरांत ब्रह्मपुत्रेनें दक्षिणेकडे नवी वाट धरली, आणि मधला मुलूख दोन प्रवाहांमध्यें अडकला. तेथें शंकरदेवांच्या वैष्णव पंथाचीं सत्रें आहेत, आणि २०१६ पासून त्या बेटाचा स्वतंत्र जिल्हा झाला आहे. परंतु ज्या नदीनें तें निर्माण केलें तीच तें खात आहे. १५ ऑगस्ट १९५० च्या भूकंपानंतर धूप फारच वाढली. २०१४ सालीं त्याचें क्षेत्र सुमारें ३५० चौरस किलोमीटर उरलें होतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं तें याच्या दुपटीहून अधिक होतें. जमीन नदींत गेलेल्या शेतकऱ्यास कोणत्या कायद्यानें ती परत मिळणार?

शेवटचा प्रकार नदीच्या मुखावरील त्रिभुज प्रदेशाचा. धवळेश्वरच्या खालीं गोदावरीच्या गौतमी व वसिष्ठ या शाखा फुटतात, आणि त्यांच्या मध्यें नारळीच्या बागांनीं व भाताच्या शेतांनीं भरलेला कोनसीमा प्रदेश आहे. तेथील नदींतल्या बेटांना 'लंका' म्हणतात. ही भूमि वरच्या मुलखांतून वाहून गेलेल्या मातीची बनलेली आहे, आणि तींत पैनगंगेच्या वाटेनें गेलेल्या आमच्या वऱ्हाडच्या काळ्या मातीचाहि अंश आहे.

आतां मात्र ती माती पूर्वींसारखी खालीं जात नाहीं. पैनगंगेवर ईसापूरचें धरण आहे, आणि गोदावरीच्या खोऱ्यांत अशीं पुष्कळ धरणें आहेत. शेतांतून सुटलेला गाळ त्यांत अडतो. त्यामुळें नुकसान तीन ठिकाणीं होतें: आपल्या शेताचा कस जातो, धरण गाळानें भरत जातें, आणि मुखावरील किनारा भर न मिळाल्यामुळें समुद्राच्या लाटांनीं खचूं लागतो. वाशीमच्या शेतकऱ्यानें उतारास आडवा बांध घातला, तर यांपैकीं पहिलीं दोन नुकसानें तरी कमी होतील. तिसऱ्याचा उपाय एकट्या शेतकऱ्याच्या हातीं नाहीं. संपूर्ण खोऱ्याचा विचार करणाऱ्यांनींच तो शोधला पाहिजे.