अनाथ मूल आणि दत्तकाचा कायदा

1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवाविवाहाला 1856 च्या कायद्याने मान्यता मिळाली होती, पण ब्राह्मण घरांत तो निषिद्धच राहिला. दिवस गेलेल्या विधवेपुढे गर्भ पाडण्याची औषधे, विहीर किंवा अर्भकाची हत्या एवढेच मार्ग उरत. या गृहात तिने गुपचूप येऊन बाळंत व्हावे आणि हवे तर मूल तिथेच ठेवून जावे, अशी सोय होती. 1884 साली समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या बालविवाह आणि सक्तीच्या वैधव्यावरील टिपणांवर मत देताना जोतीरावांनी तोवरचा हिशेब मांडला: 35 विधवा बाळंत झाल्या, पाच मुले जगली, तीस दगावली. गरोदरपण लपवण्यासाठी आयांनी घेतलेल्या विषारी औषधांनी मुलांना पोटातच इजा झाली होती, असे त्यांनी लिहिले. बायका त्या दारापर्यंत किती उशिरा पोचत, हे या आकड्यांत दिसते.

याच गृहात आलेल्या काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत फुले दांपत्याने आपला मानला. 1887 च्या मृत्युपत्राने जोतीरावांनी त्याला वारस केले. पुढे तो डॉक्टर झाला.

1875 मध्ये न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने पंढरपुरात असेच गृह आणि अनाथाश्रम सुरू झाले. प्रार्थना समाज या सुधारक संस्थेने तो आश्रम चालवला. सरकार मात्र फार मागे होते. मुंबई बाल अधिनियम 1924 साली झाला, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी चिल्ड्रन्स एड सोसायटी 1927 मध्ये उभी राहिली.

मुलाला आसरा मिळाला तरी आईबाप मिळणे अवघडच होते. हिंदू धर्मशास्त्रात दत्तक वंश चालवण्यासाठी आणि पिंडदानासाठी घेतला जाई. म्हणून मुलगाच घ्यायचा, तोही आई किंवा बापाने स्वहस्ते द्यायचा. ज्याला देणारे कोणीच नाही, ते अनाथ मूल दत्तक जाऊच शकत नसे. ज्याला घराची सर्वांत जास्त गरज, त्यालाच शास्त्राने दार बंद केले होते. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलीलाही दत्तक घेता येऊ लागले, आणि आईबाप वारलेले मूल त्याच्या पालकाला न्यायालयाच्या परवानगीने दत्तक देता येऊ लागले. 1962 च्या दुरुस्तीनंतर टाकून दिलेले मूलही असेच दत्तक देता येऊ लागले. हा कायदा हिंदूंपुरता होता. इतर धर्मीयांना 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली केवळ पालकत्व मिळे. 2000 च्या बाल न्याय अधिनियमाने, आणि विशेषतः 2006 च्या दुरुस्तीने, धर्म न पाहता दत्तकाची वाट मोकळी केली.

आईबाप हयात असूनही सांभाळू शकत नाहीत, अशा मुलाचा प्रश्न दत्तकाने सुटत नाही. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना अशा मुलांना नातेवाइकांकडे किंवा दुसऱ्या कुटुंबात ठेवून दरमहा अनुदान देते, म्हणजे संस्थेत न पाठवताही मूल वाढू शकते.