एल, ए, आर, ए

मार्च २०२४मध्ये अकिरा तोरियामा गेल्याची बातमी आली, त्या रात्री दादाचा मेसेज आला. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. आमचं बोलणं आता दिवाळी आणि लग्नकार्यापुरतं उरलेलं. मेसेजमध्ये एकच ओळ होती : 'डबा आठवतो का गं?'

आठवत होता. २००४च्या मे महिन्यात, सांगलीला आत्याच्या घरी, तो डबा मीच खाल्ला होता.

डबा खरा नव्हे. 'क्रोनो ट्रिगर' नावाच्या जपानी गेममधला. गेम सुरू होतो तो एका जत्रेत. राज्याला हजार वर्षं झाली म्हणून जत्रा भरलीय, आपण म्हणजे क्रोनो नावाचा मुलगा, आणि एका ठिकाणी कुणाचं तरी जेवण ठेवलेलं असतं. बटण दाबलं की आपण ते खातो. काही होत नाही. आपण विसरूनही जातो. मग बऱ्याच वेळाने क्रोनोवर राजकन्येला पळवल्याचा खटला भरतो आणि सरकारी वकील विचारतो, जत्रेत त्या म्हाताऱ्याचं जेवण कुणी खाल्लं? हरवलेलं मांजर पोरीला परत दिलं का? धक्का लागून मुलगी पडली तेव्हा आधी तिला विचारलं, की तिचं खाली पडलेलं लॉकेट उचललं?

मी दहा वर्षांची होते. कॉम्प्युटर माझ्यावर नजर ठेवून होता, हे कळून माझे कान गरम झाले होते. दादा मात्र खुर्चीवरून पडेपर्यंत हसला.

मेसेजनंतर आठवडाभरात मी एक जुना निन्टेंडो डीएस आणि त्यावरची क्रोनो ट्रिगरची २००८ सालची आवृत्ती मिळवली आणि वीस वर्षांनी पुन्हा जत्रेत शिरले. या वेळी डबा खाल्ला नाही. मांजर परत दिलं. मुलीला आधी विचारलं. कोर्टात निर्दोष सुटले आणि तरी तुरुंगात गेले, कारण निकाल काहीही लागला तरी गोष्ट तिकडेच जाते. पण निर्दोष ठरल्याचं समाधान काही वाटेना. मी चांगली वागले ती पुढे खटला आहे हे ठाऊक होतं म्हणून.

पुन्हा खेळणं ही गोष्ट आज आपल्याला किरकोळ वाटते. पण जपानी रोल-प्लेइंग गेमच्या सुरुवातीच्या काळात खेळ नुसता पुढे चालू ठेवणं हेच कष्टाचं काम होतं. मे १९८६मध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' आला. लेखक युजी होरी, चित्रं तोरियामांची. त्याच्या कॅसेटमध्ये सेव्ह करायची सोयच नव्हती. थांबायचं असेल तर राजाकडे जायचं. तो वीस जपानी अक्षरांची एक निरर्थक ओळ द्यायचा, ती वहीत उतरवून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी परत भरायची. तिचं नाव होतं 'पुनरुज्जीवनाचा मंत्र'. एक अक्षर चुकलं की सगळी मेहनत पाण्यात. पुढच्या वर्षी दुसऱ्या भागात हा मंत्र ५२ अक्षरांपर्यंत लांबला. १९८८च्या तिसऱ्या भागात कॅसेटच्या पोटात एक छोटी बॅटरी बसवली, तेव्हा कुठे वहीतून सुटका झाली. अर्थात बॅटरी मेली की आठवणही मेली.

होरी आणि तोरियामा एनिक्स कंपनीच्या गोटातले. समोर स्क्वेअर ही कंपनी, तिथे 'फायनल फँटसी'चे जनक हिरोनोबु साकागुची. १९९२मध्ये हे तिघे कॉम्प्युटर ग्राफिक्स बघायला अमेरिकेला गेले आणि कुणी केलं नाही असं काहीतरी मिळून करायचं ठरवून आले. त्यातून क्रोनो ट्रिगर झाला. स्क्वेअर आणि एनिक्स या कंपन्या एक झाल्या त्या पुढे २००३मध्ये, म्हणजे गेमची माणसं कंपन्यांच्या आधी एकत्र आली होती.

संगीत दिलं यासुनोरी मित्सुदा या पोरगेल्या माणसाने. स्क्वेअरमध्ये तो आवाजांचे इफेक्ट्स करायचा. संगीत करायला द्या, नाहीतर नोकरी सोडतो, असं त्याने साकागुचींना सांगितलं आणि हा गेम त्याच्या वाट्याला आला. काम चालू असताना हार्ड डिस्क बिघडली आणि अर्धवट झालेल्या सुमारे चाळीस चाली गेल्या. इतकं काम केलं की पोटात अल्सर झाले, आणि उरलेलं संगीत फायनल फँटसीवाल्या नोबुओ उएमात्सुंनी पुरं केलं.

११ मार्च १९९५ला कॅसेट बाजारात आली. आकार चार मेगाबाइट. आपल्या फोनमधला एखादा फोटोही त्याहून मोठा असतो. त्यात सहा-सात कालखंड : डायनोसॉरच्या जमान्यापासून इ. स. २३००पर्यंत. मधे १९९९ साली जमिनीतून लाव्होस नावाचा राक्षस वर येतो आणि जग संपवतो. हे साल जपानी मुलांना नवीन नव्हतं. १९७३मध्ये तिथे नॉस्ट्राडेमसच्या भविष्यांवर एक पुस्तक प्रचंड खपलं होतं, आणि १९९९मध्ये जग बुडणार ही गोष्ट ऐकतच एक पिढी वाढली होती. त्यात ते वर्षही विचित्र. १७ जानेवारीला कोबेचा भूकंप, सहा हजारांवर माणसं गेली. गेम आल्यावर नवव्या दिवशी, २० मार्चला, टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन वायूचा हल्ला झाला. गेम आधीच तयार होता, तेव्हा नातं जोडायला जाऊ नये. पण जग वाचवण्यासाठी मागे जाता येतं ही गोष्ट त्या मुलांनी कुठल्या दिवसांत खेळली, ते लक्षात ठेवावं.

आणि याच गेमने 'न्यू गेम प्लस' हे नाव दिलं. एकदा गेम संपवला की कमावलेली ताकद आणि शस्त्रं घेऊन पहिल्यापासून सुरू करता येतं. जपानीत त्याला म्हणतात 'त्सुयोकुते न्यू गेम', म्हणजे ताकदवान होऊन नवा डाव. लाव्होसला कधी हरवता त्यावर शेवट बदलतो, आणि असे डझनभर शेवट. एका शेवटात तर गेम बनवणारी माणसंच भेटतात आणि गप्पा मारतात. पुन्हा खेळणं हा इथे गेमचाच भाग झाला.

या सगळ्यात एक प्रसंग असा आहे की ज्यासाठी मी डीएस आणला.

क्रोनोची मैत्रीण लुका यंत्रं बनवते. तिची आई लारा कायम खुर्चीवर बसलेली असते, तिचे पाय गेलेत. गोष्ट बरीच पुढे गेल्यावर रोबो नावाचा यंत्रमानव उजाड वाळवंटात झाडं लावायला चारशे वर्षं एकटा मागे थांबतो. आपल्याला मात्र तो क्षणात भेटतो. त्या रात्री शेकोटीभोवती रोबो म्हणतो की काळाची ही दारं कुणीतरी उघडत असावं. मरताना माणसाला आयुष्य पुन्हा दिसतं तसं कुणाला तरी पुन्हा बघायचं असावं. तेव्हा असं केलं असतं तर, असं वाटणारे क्षण. हे इंग्रजी मला झेपत नव्हतं. दादा वाचून मराठीत सांगायचा. गेममधला बेडूक सरदार इंग्रजीत जुन्या नाटकातल्यासारखं बोलतो, त्याला दादाने थेट पौराणिक नाटकाची भाषा दिली होती. मूळ जपानीत तो साधंच बोलतो, हे मला फार नंतर कळलं.

शेकोटी विझल्यावर लुका एकटीच जागी होते. तिच्यासाठी एक दार उघडतं आणि ती आपल्या लहानपणीच्या घरात पोहोचते, आईचा कपडा यंत्रात अडकला त्या क्षणी. यंत्र थांबवायचं तर पासवर्ड हवा. बापाने पासवर्ड ठेवलाय बायकोचं नाव. आणि ते टायपायचं नाही, कंट्रोलरच्या बटणांनी दाबायचं : एल, ए, आर, ए. गेममधली ही अक्षरं कंट्रोलरवर असतात म्हणून.

आमच्याकडे कंट्रोलर नव्हता. कुणाकडून तरी आणलेली सीडी, त्यातला एम्युलेटर आणि कीबोर्ड. दादाने नाव ओळखलं. मी कीबोर्डवर एल, ए, आर, ए दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. मग किंकाळी आली. कुठल्या कळीने तलवार चालते ते आमच्या बोटांना पाठ होतं. त्या कळीला गेममध्ये काय म्हणतात, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. मधूनच सेव्ह करून मागे जाणं म्हणजे चीटिंग, असा दादाचा नियम होता. आम्ही थोडा वेळ गप्प बसलो आणि पुढे गेलो.

या वेळी माझ्या हातात खरी बटणं होती. यंत्र थांबलं. लारा उठून चालू लागली. बाकी गेम तसाच राहिला.

मी दादाला फोन केला. सगळं सांगितलं.

"म्हणजे आपण चुकीच्या कळा दाबत होतो?"

"हो."

"मला वाटलं गोष्टच तशी आहे," तो म्हणाला. मग बराच वेळ काही बोलला नाही. "इतकी वर्षं मी लोकांना सांगतोय, की त्या गेममध्ये सगळं बदलता येतं, फक्त आईचं तेवढं येत नाही. तेच मला त्यात सगळ्यात भारी वाटायचं."

मी त्याला आमच्या जुन्या फाईलचं विचारलं. तो कॉम्प्युटर आत्याने कधीच भंगारात दिला होता.

"मग पुन्हा खेळ," मी म्हटलं. "माझा डीएस देते."

"बघू," तो म्हणाला. "या खेपेला डबा मी खाणार पण."